ऊन भिंत

"आत नको आणूस. इथं बाहेरूनच टेक," बाबा म्हणाले. "आतल्या अमोनियाच्या वासानं ठसका लागेल तिला."

मी बर्फाच्या कारखान्यामागच्या गल्लीत उभी होते. अंगात नवऱ्याचा ढगळ स्वेटर, स्वेटरच्या आत छातीशी बांधलेली लेक आणि लेकीच्या डोक्यावर सासूबाईंनी विणलेली टोपी. टोपी मापाला चुकली होती की लेकच मापाला चुकली होती, कोण जाणे. ती सारखी घसरून तिच्या नाकावर यायची. बाबा, म्हणजे माझे सासरे, कारखान्याच्या मागच्या बुटक्या दारातून अर्धे बाहेर वाकले होते. त्यांनी हनुवटीनंच भिंत दाखवली. मी बिचकत पाठ टेकवली.

भिंत ऊन होती.

बर्फाच्या कारखान्याची भिंत, आणि ऊन! आत्ताच कुणीतरी उठून गेलेल्या अंथरुणासारखी. बाळंतपणापासून माझ्या खांद्यांच्या मधोमध एक गाठ बसली होती, ती सैल व्हायला लागली आणि मला उभ्याउभ्याच पेंग आली.

"बाबा, ही अशी कशी हो?"

"पाण्यातली ऊब काढून घेतली की बर्फ होतो. आता काढलेली ऊब कुठंतरी टाकायला हवी ना? ती आम्ही इकडं टाकतो."

केर टाकतो म्हणावं तसं ते म्हणाले आणि दार लोटून आत गेले. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून इतकं लांबलचक बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

लेक घाईनं आली होती. अजून बराच अवकाश होता, पाळणासुद्धा माळ्यावरून काढला नव्हता. तिला बघायला आलेल्या शेजारच्या इस्त्रीवाल्या मावशी तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "अगं बाई, ही तर चिमटीभर आहे!" तेव्हापासून ती चिमटीच झाली. दवाखान्यात काही दिवस काचेच्या पेटीत होती, मग तिला घरी सोडलं. घरी नर्सबाई यायच्या. दांडगट बाई. जिना चढतानाच त्यांचा आवाज आधी घरात शिरायचा. त्या चिमटीला झोळीत घालून काट्याला टांगायच्या आणि काट्याकडे बघत ओठ मुडपायच्या.

"दूध पितेय, पण अंगी लागत नाहीये हिच्या. का? तर गार पडतेय ती. पोटात गेलेलं सगळं दूध अंग ऊन ठेवण्यात जाळून टाकते. मग वाढायला उरणार काय, माझं कपाळ? हिला वरून आयती ऊब द्या. म्हणजे दुधाचं मांस होईल."

"शाली घालतोय की दोन-दोन," सासूबाई म्हणाल्या.

"शालीला स्वतःची ऊब कुठं असते, आजी? उघड्या छातीला उघडं अंग लावा. आईच्या, बापाच्या, कुणाच्याही. पुढच्या खेपेला काटा हलला पाहिजे. नाही हलला, तर पुन्हा पेटीत."

पुन्हा पेटीत. हे ऐकल्यावर मला घरातला प्रत्येक गार कोपरा ऐकू यायला लागला. आमची खोली वरच्या मजल्यावर. खिडकीच्या फटींतून वारा घरमालकासारखा न विचारता आत यायचा. शेगडी पेटवली तर धूर, विजेचा हीटर लावला तर जुन्या वायरिंगमुळे सगळ्या मजल्याचे दिवे जायचे. नवरा दूर, डोंगरातल्या धरणावर कामाला. सुट्टी मिळाली की यायचा. सासूबाईंना थंडीभर खोकला, त्यामुळे नर्सबाईंनी त्यांना बाळापासून लांब बसवलेलं. उरले मी आणि माझी एकटीची छाती.

नर्सबाई बोलत होत्या तेव्हा बाबा उंबऱ्याशी बुटाची नाडी बांधत बसले होते. नाडी केव्हाच बांधून झाली होती. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना ते पाठमोरेच म्हणाले, "दुपारी तिला घेऊन कारखान्याच्या मागं ये."

तेव्हापासून रोज दुपारी मी भिंतीशी जायला लागले, आणि मग कळलं की ती भिंत सगळ्या गल्लीची होती. इस्त्रीवाल्या मावशी तिच्यालगत दोरी बांधून गिऱ्हाइकांचे ओले कपडे वाळवायच्या. शिंपीआजोबा स्टूल टाकून दोन्ही गुडघे भिंतीला लावून बसायचे. दुरून वाटायचं, शाळेत शिक्षा झालीय. एका मांजरीनं तिथं पिल्लं घातली होती. सगळे तिला ऊन भिंतच म्हणायचे. भिंतीच्या पलीकडे दिवसभर पाणी गोठत असायचं, पत्र्याच्या लांबट डब्यांतून बर्फाच्या लाद्या निघायच्या आणि भुशात लोळून मासळीबाजाराकडे जायच्या. अलीकडे आम्ही.

"ये गं बाळंतिणी," मावशी जागा करून द्यायच्या. "माझी इस्त्रीसुद्धा एवढी मायाळू नाही."

"इस्त्री तुझ्यासारखीच," शिंपीआजोबा म्हणायचे. "चटका आधी, काम मागनं."

"आणि तुमची सुई? टोचते किती, शिवते किती!"

त्यांच्या भांडणाची गुणगुण, यंत्राची घरघर, पाठीमागची ऊब आणि पोटाशी चिमटीचा पाखरासारखा श्वास. मी जागी आहे की झोपेत, हे मला कळेनासं व्हायचं. त्या दुपारींना काठ नव्हते.

बाबांनी एकदा सांगितलं होतं, की आतल्या बाजूनं भिंतीला लागून एक जाड नळ वर छताकडे जातो. यंत्र वायूला दाबतं, दाबला की तो तापतो आणि त्या नळातून जातो. "सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं ना, तसं." यंत्र मोटरवर, मोटर विजेवर. आणि वीज कुठून येते ते मला नवऱ्यानं सांगितलं होतं. त्याचं कामच ते. वर धरणात पाणी नुसतं थांबून असतं. काही करत नाही, थांबतं फक्त. खाली सोडलं की त्याच्या थांबण्याचं पडणं होतं, पडण्याचं फिरणं होतं आणि फिरण्याची वीज.

मी डोळे मिटले की ते सगळं दिसायचं. नवरा तिकडे कुठलंसं चाक वळवतोय. अंधाऱ्या नळातून पाणी कोसळतंय. मग त्याचं पाणीपण गळून जातं, आणि उरतं ते तारेतून डोंगर उतरतं, शेतांवरून, ओढ्यांवरून, झोपलेल्या गुरांच्या डोक्यावरून धावत येतं, कारखान्यात शिरतं, पट्टा फिरवतं, वायूला कवेत घेऊन दाबतं, तापतं, भिंतीत उतरतं, भिंतीतून माझ्या पाठीत, माझ्यातून चिमटीच्या तळपायात. आणि तिच्यात शिरल्यावर त्याचं काय होत असेल? नखं? पापण्या? धरणातलं एवढं थोरलं पाणी, आणि शेवटी त्याची एक पापणी!

बाप-लेक एकमेकांशी धड बोलत नसत. भांडण नव्हतं, बोलण्यासारखं काही साठलंच नव्हतं. नवरा घरी आला की बाबा विचारत, "पाणी किती आहे?" तो म्हणे, "आहे." झालं. पण एका तारेच्या त्या टोकाला तो आणि या टोकाला हे, असे दोघं दिवसभर बांधलेले असत. आणि मधेच कुठंतरी मी पेंगत असे.

दुपारी मधेच बुटकं दार उघडायचं. बाबा बाहेर यायचे आणि हात काखेत घालून लांब उभे राहायचे.

"प्यायली?"

"प्यायली, बाबा."

"हं." थोडा वेळ टोपीकडे बघत राहायचे. मग आत.

एकदा मी म्हटलं, "घ्या ना जरा. माझे खांदे भरून आलेत." ते एक पाऊल मागेच सरले. "माझे हात नकोत," म्हणाले आणि दार लागलं.

संध्याकाळी मी सासूबाईंना सांगितलं. त्या खोकला आवरत लंगोटांच्या घड्या घालत होत्या.

"हात बघितलेस कधी त्यांचे?" त्या म्हणाल्या. "मिठाच्या गार पाण्यातनं डबे ओढून ओढून रक्तच फिरत नाही बोटांत. पांढरी पडतात, मेणबत्तीसारखी. उन्हाळ्यातसुद्धा. तुझा नवरा झाला ना, तेव्हा हे कामावरून धावत आले. किती आनंद! आल्या आल्या त्याच्या पोटावर हात ठेवला. पोर असं दचकलं म्हणतेस! श्वासच रोखून धरला त्यानं, निळं पडलं. मग जे रडलं ते थांबेचना. झालं. त्या दिवसापासून यांनी काही त्याला हात लावला नाही. मी म्हणायची, अहो, चोळून घ्या हात, ऊन करून घ्या. तर चोळायचे हो, चोळत बसायचे, आणि शेवटी नुसतं बघून निघून जायचे."

नवरा एकदा मला म्हणाला होता, "आमच्या बाबांनी मला कधी उचलून घेतलेलं आठवत नाही. कारखान्यातली एक लादी रोज घरी जेवायला यायची, एवढंच." तेव्हा मी हसले होते.

नर्सबाई यायच्या आदल्या दिवशी वादळी वारा सुटला. दुपारी भिंतीशी गेले तर गल्ली मुकी. घरघर नाही. मावशी दोरीवरचे कपडे ओलेच काढत होत्या.

"लाइट गेले गं. कधीचे."

मी भिंतीला हात लावला. अजून थोडी धुगधुगी होती. मी आणि चिमटी ती धुगधुगी संपेपर्यंत तिथं उभ्या राहिलो. मांजरीनं एकेक पिल्लू मानेला धरून उचलून नेलं, तेव्हा मीही निघाले.

नवऱ्याचा फोन आला. "डोंगरात एक मनोरा आडवा झालाय. बाबांना सांग, लाइन काही लवकर येत नाही. चिमटी कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे. बरी नव्हती. मीही नव्हते. दूध साठून छाती दगडासारखी घट्ट झाली होती, दुखत होती आणि सकाळ होईतो मला असं हीव भरलं, की पलंग खडखड वाजायला लागला. दात, गुडघे, काहीच ताब्यात नाही. चिमटीला जवळ घ्यावं तर माझ्या थरथरीनं तीही हलत होती. तिनं दूध ओढणं सोडलं होतं. रडतही नव्हती. न रडणारं मूल किती भीतिदायक असतं!

बाबा घरीच होते. यंत्र बंद म्हणजे त्यांना काम नाही. आत लाद्या अजून तग धरून होत्या म्हणे. बर्फ टिकला होता, भिंत तेवढी गार पडली होती. ते दाराबाहेर जिन्यावर बसून होते, आत येत नव्हते आणि लांबही जात नव्हते.

नर्सबाई आल्या. त्यांनी काटा बाहेरच काढला नाही. चिमटीच्या तळपायाला गाल लावला आणि त्यांचा मोठा आवाज एकदम लहान झाला.

"पाय गार आहेत हिचे. आधी ऊब. मग बाकीचं." मला त्यांनी गोळ्या दिल्या, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. सासूबाई पुढे झाल्या तर त्यांना खोकल्याची उबळ आली. "आजी, तुम्ही बसा तिकडं. आणखी कोण आहे घरात?"

"हे आहेत ना! अहो, ऐकलंत का?"

बाबा दारात आले. हात काखेत.

"शर्ट काढा, आजोबा."

"अं?"

"शर्ट काढा म्हणतेय. लाजायला काय झालं? मी दिवसभर हेच बघते."

"माझे हात गार आहेत हो, बाई. बर्फाचे हात आहेत हे."

"हात कोण मागतंय?" नर्सबाई म्हणाल्या. "मी छाती मागतेय."

बाबा बघतच राहिले. म्हणजे हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं. एवढी वर्षं त्यांनी आपल्या हातांवरूनच आपलं सगळं माप काढलं होतं.

नर्सबाईंनी त्यांना खुर्चीत रेलून बसवलं, चिमटीला त्यांच्या पांढऱ्या केसांच्या छातीवर पालथी घातली, वरून माझी शाल गुंडाळून पाठीमागे गाठ मारली आणि त्यावर नवऱ्याचा स्वेटर पांघरला. सगळं होईपर्यंत बाबांनी दोन्ही हात वर धरले होते, शरण आल्यासारखे. सगळं झाल्यावरही ते खाली घेतले नाहीत.

"हात घ्या की खाली," सासूबाई म्हणाल्या.

"चुकून लागतील."

त्या दुपारी मी तापातून मधेमधे वर यायची आणि प्रत्येक वेळी तेच चित्र दिसायचं: खिडकीतला राखाडी उजेड, खुर्चीत बाबा, त्यांच्या गळ्याखाली टोपीचा गोंडा आणि हवेत तरंगणारे दोन पांढरे हात. ते मान किंचित कलती करून ऐकत होते. कारखान्यात ते यंत्राचा आवाज असाच ऐकतात, हे मी भिंतीशी उभी असताना दाराच्या फटीतून पाहिलं होतं.

"चालतंय," ते हळूच म्हणाले. कुणाला, कोण जाणे. "बारीक आहे, पण आवाज स्वच्छ आहे."

मला वाटलं, आमच्या खोलीतच एक भिंत येऊन बसलीय. धरण नाही, तार नाही. सकाळी खाल्लेला भात, रात्रीची झोप, सगळ्या आयुष्यात न बोललेलं काय काय, ते आत कुठंतरी दाबलं गेलंय, तापलंय आणि त्या लहानग्या पाठीकडे निघालंय.

संध्याकाळच्या आत चिमटी रडली. कर्कश्श, रागीट, भूक लागल्यासारखी. सासूबाई खोकतखोकत हसायला लागल्या. नर्सबाई पुन्हा चक्कर टाकायला आल्या होत्या; त्या म्हणाल्या, "ऐका! शिव्या घालतेय. आता काळजी नाही." चिमटीला दुधासाठी माझ्याजवळ दिलं, तिचा तळपाय माझ्या हाताला लागला. तो ऊन होता.

रस्ते मोकळे होताच, दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आला. पिशवी खांद्यालाच होती. बाबा पुन्हा खुर्चीत, चिमटी पुन्हा शालीत आणि हात पुन्हा वर. नवरा दारातच थांबला. सासूबाईंनी चहाचं भांडं उगाच धुवायला घेतलं.

"हात दुखतील, बाबा," तो शेवटी म्हणाला.

"गार आहेत रे."

नवरा खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. त्यानं बाबांचा एक हात धरून खाली ओढला आणि आपल्या दोन्ही तळव्यांत घेऊन चोळायला लागला. खूप वेळ चोळत राहिला. बाबा खिडकीकडे बघत होते.

"तेव्हा मला लावले असतेत," तो म्हणाला, "तरी चाललं असतं."

"तू निळा पडला होतास."

"एकदा पडलो होतो, बाबा."

थोड्या वेळानं बाबांनीच विचारलं, "पाणी किती आहे?"

"पुष्कळ आहे," नवरा म्हणाला. आणि मग पहिल्यांदाच पुढंही बोलला. मनोरा कसा पडला, माणसं दोरांवर कशी चढली, किती गारठा होता. बाबा हं, हं करत होते. त्यांचा तो हात शालीवर, चिमटीच्या पाठीवर कधी टेकला ते त्यांनाही कळलं नाही. ती दचकली नाही.

पुढच्या खेपेला काटा हलला.

चिमटी वाढली. टोपी आधी बेताची झाली, मग तोकडी. थंडी गेली तरी आम्ही भिंतीशी जायचो, आता सवयीनं. ती रांगायला लागली ती त्या मांजरीच्या नव्या पिल्लांमागे, उभी राहिली ती भिंतीला धरून. बाबा दारातून बाहेर यायचे, आधी हात एकमेकांवर खसाखसा चोळायचे, त्यावर फुंकर घालायचे, पुन्हा चोळायचे आणि मगच तिला उचलायचे. ती त्यांच्या हातांचा हा सोहळा डोळे मोठे करून बघत राहायची. तिला वाटत असावं, कुणालाही जवळ घ्यायचं तर हे आधी करावंच लागतं.

कारखाना त्याच्याही पुढच्या थंडीत बंद झाला. बाजारात ज्यानं त्यानं आपापली बर्फाची यंत्रं आणली होती. लाद्या कुणाला नको होत्या. शेवटच्या दिवशी दुपारी बाबांनी स्वतःच्या हातानं यंत्र थांबवलं. घरघर हळूहळू एकेका ठोक्यावर आली आणि मग नव्हती. आम्ही सगळे गल्लीतच होतो. कुणी काही ठरवलं नव्हतं, पण मावशींनी भिंतीला तळवा लावला, शिंपीआजोबांनी गुडघे लावले.

"आहे अजून," आजोबा म्हणाले.

"असणारच," मावशी म्हणाल्या. "एका दिवसात जाते होय?"

बाबा बुटक्या दाराला कुलूप लावून आले. त्यांनी भिंतीला हात लावला नाही. चिमटीला उचललं आणि घरी चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दार धरून बसली. "चल, चल." मी शाल गुंडाळली, बाबाही निघाले. गल्ली रिकामी होती. मावशींची दोरी तेवढी लोंबत होती. चिमटी नेहमीसारखी धावत गेली, वळली आणि भिंतीला पाठ टेकवली.

मग ती वळून भिंतीकडे बघायला लागली. एक बोट लावलं. काढलं. तिनं आमच्याकडे बघितलं. रडेल असं मला वाटलं आणि मी पुढे झाले. बाबांनी मला हातानं थांबवलं.

चिमटीनं आपले दोन्ही इवलेसे तळवे एकमेकांवर ठेवले आणि खसाखसा चोळले. त्यांवर फुंकर घातली. पुन्हा चोळले. आणि मग अगदी हळू, दचकू नये अशा बेतानं, तिनं ते भिंतीला लावले.